नॅनोकण पेशीपटल फोडतात का? कॅल्सिन गळती चाचणी, टप्प्याटप्प्याने

नॅनोकण टाकले, कॅल्सिन रंगाची चमक वाढली, म्हणजे कणांनी पटल फोडलं. या चाचणीत बहुतेक जण पहिल्याच दिवशी या निष्कर्षावर पोचतात आणि तिथेच फसतात. चमक वाढायला इतरही कारणं असतात: कणांच्या बाटलीत उरलेला साबणासारखा पदार्थ, लायपोसोमच्या, म्हणजे लिपिडच्या (चरबीसारख्या रेणूंच्या) पटलाने बनलेल्या सूक्ष्म पोकळ पिशव्यांच्या, आतलं आणि बाहेरचं द्रावण न जुळणं, न ढवळता सोडलेला दाट थेंब. उलट सोन्याचे कण असतील तर पटल फुटलं तरी चमक दबलेली राहते. म्हणून या लेखात कंट्रोलना (तुलनेसाठी सोबत केलेल्या चाचण्यांना) मोजमापाइतकीच जागा दिली आहे. कंट्रोल झाल्याशिवाय क्युवेटमधल्या (चमक मोजायच्या छोट्या पात्रातल्या) आकड्याला अर्थ नसतो.

तत्त्व थोडक्यात असं. कॅल्सिन हा रंग ६० मिलिमोलरला लायपोसोममध्ये कोंडला की त्याचे रेणू एकमेकांची चमक मारतात. पटलाला भोक पडलं की रंग बाहेर येऊन पातळ होतो आणि चमकू लागतो. चमक किती वाढली त्यावरून किती गळती झाली ते काढायचं.

उदाहरणासाठी पीओपीसी लिपिडचे १०० नॅनोमीटरचे लायपोसोम आणि ५० नॅनोमीटर व्यासाचे सिलिका कण घेतले आहेत. पहिल्यांदा करणाऱ्याने हीच जोडी घ्यावी. सिलिका रंगहीन आहे, त्यामुळे प्रकाशाचा गोंधळ कमी होतो.

## टप्पा १: द्रावणं जुळवणं

कॅल्सिनपासून सुरुवात करा. ५ मिलिलिटर, ६० मिलिमोलर द्रावणासाठी १८७ मिलिग्रॅम कॅल्सिन लागतं. ते ३ मिलिलिटर हेपीस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, १० मिलिमोलर) टाका. विरघळणार नाही, नारिंगी गाळ तळाशी बसेल. आता १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत ढवळा. एक मिलिलिटरच्या आसपास गेल्यावर गाळ नाहीसा होऊन गडद तांबडं, स्वच्छ द्रावण दिसतं. पीएच ७.४ वर आणून ५ मिलिलिटर करा. पीएच घाईने ९-१० पर्यंत चढवून मग आम्लाने खाली आणू नका, त्यात नको तेवढं मीठ वाढतं.

या द्रावणाची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या रेणू-आयनांचं एकूण प्रमाण) ऑस्मोमीटरवर मोजा. मग बाहेरचं बफर बनवा: हेपीस १० मिलिमोलर, ईडीटीए ०.१ मिलिमोलर, पीएच ७.४, आणि ऑस्मोलॅलिटी आतल्या द्रावणाशी जुळेल इतकं सोडियम क्लोराइड. १ मिलिमोलर मिठाने सुमारे १.९ मिलिऑस्मोल वाढतात, त्या हिशेबाने घाला आणि पुन्हा मोजा.

तपासा: आतल्या आणि बाहेरच्या द्रावणात १० मिलिऑस्मोलपेक्षा जास्त फरक नको. बाहेरचं द्रावण पातळ असलं तर पाणी आत शिरतं, लायपोसोम फुगून ताणले जातात आणि कण न घालताही गळू लागतात. ‘नेहमीचं १५० मिलिमोलर मिठाचं बफर चालेल’ असं गृहीत धरणं ही इथली सर्वांत जास्त होणारी चूक.

सावध: ईडीटीए घालण्याचं कारण असं की तांबं, कोबाल्ट, लोह यांचे आयन कॅल्सिनला चिकटून चमक मारतात, आणि ईडीटीए त्यांना धरून ठेवतो. पण झिंक ऑक्साइडचे कण तपासत असाल तर हाच ईडीटीए कण विरघळवतो. तिथे तो वगळा आणि विरघळलेल्या झिंकसाठी वेगळा कंट्रोल ठेवा.

## टप्पा २: लिपिडची फिल्म

लिपिडची बाटली उणे २० अंशांवरून काढल्यावर बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड बाटली उघडली की हवेतलं पाणी आत जमतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीवरच्या प्रयोगशाळेत, हा अर्धा तास वाचवणं परवडत नाही.

क्लोरोफॉर्ममधल्या २५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणातून ४०० मायक्रोलिटर, म्हणजे १० मिलिग्रॅम पीओपीसी, काचेच्या सिरिंजने गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घ्या. प्लॅस्टिकची टिप आणि प्लॅस्टिकची नळी इथे चालत नाही. क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकमधले पदार्थ ओढून घेतं आणि तेही पटलात जाऊन बसतात. फ्यूम हूडमध्येच काम करा.

रोटरी इव्हॅपोरेटरवर किंवा नायट्रोजनच्या मंद झोतात फ्लास्क फिरवत क्लोरोफॉर्म उडवा. काचेवर पातळ, एकसारखी, धुरकट फिल्म दिसली पाहिजे. एका बाजूला पांढरा ढीग झाला असेल तर थोडं क्लोरोफॉर्म घालून पुन्हा करा. मग किमान दोन तास, शक्य असल्यास रात्रभर, व्हॅक्यूमखाली ठेवा. उरलेलं क्लोरोफॉर्म पटल ढिलं करतं आणि पार्श्वभूमीची गळती वाढवतं.

खऱ्या पेशीच्या जवळ जायचं असेल तर पीओपीसी आणि कोलेस्टेरॉल ७:३ मोल प्रमाणात घ्या. जिवाणूच्या पटलासारखा ऋण भार हवा असेल तर २० मोल टक्के पीओपीजी मिसळा. ही मिश्रणं क्लोरोफॉर्ममध्येच करायची. वेगवेगळे लायपोसोम बनवून नंतर एकत्र केले तर लिपिड मिसळत नाहीत.

## टप्पा ३: पाणी देणं, गोठवणं, गाळणं

फिल्मवर १ मिलिलिटर कॅल्सिन द्रावण घाला आणि अर्धा तास अधूनमधून फिरवत राहा. लिपिड आता १३ मिलिमोलरच्या आसपास आहे. पीओपीसीचं संक्रमण तापमान (ज्याच्या वर लिपिड प्रवाही होतं ते) उणे २ अंशांजवळ असल्याने खोलीत काम होतं. डीपीपीसी हे लिपिड वापरत असाल तर त्याचं ४१ अंश आहे. तिथे पाणी देणं आणि गाळणं, दोन्ही ५० अंशांवर करा.

आता मिश्रण जाड प्लॅस्टिकच्या क्रायोव्हायलमध्ये काढा. क्लोरोफॉर्म गेलेलं असल्यामुळे प्लॅस्टिकचा प्रश्न उरत नाही आणि काचेचा फ्लास्क द्रव नायट्रोजनमध्ये तडकतो. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, ४० अंशांच्या पाण्यात पूर्ण वितळू द्या. असं ५ ते १० वेळा. हा टप्पा वगळला तर कांद्यासारखे पदरांवर पदर असलेले लायपोसोम राहतात. त्यांचा बाहेरचा पदर फुटला तरी आतला रंग कोंडलेलाच असतो आणि गळती खोटी कमी दिसते.

एक्स्ट्रूडरमध्ये (दोन सिरिंजच्या मध्ये गाळणपटल असलेलं साधन) १०० नॅनोमीटर छिद्रांचं पॉलिकार्बोनेट गाळणपटल बसवा. आधारचकत्या आणि गाळणपटल बफरने आधी भिजवा, कोरडं बसवलं तर हवेचा फुगा अडकतो. एकूण २१ वेळा ढकला. संख्या विषम ठेवायची, म्हणजे शेवटी माल समोरच्या सिरिंजमध्ये जातो आणि न गाळलेले मोठे तुकडे सुरुवातीच्या सिरिंजमध्येच राहतात. हाताला एकदम हलकं लागलं तर गाळणपटल फाटलं आहे. ते बदलून पहिल्यापासून मोजा.

## टप्पा ४: बाहेरचा रंग काढणं

सेफाडेक्स जी-५० (सच्छिद्र जेलचे मणी) बाहेरच्या बफरमध्ये रात्रभर फुगवा. कोरड्या एका ग्रॅमला साधारण १० मिलिलिटर जेल मिळतं. १ सेंटिमीटर व्यासाचा, २५ सेंटिमीटर उंचीचा कॉलम भरायला दोन ग्रॅम पुरतं. नव्या कॉलममधून आधी रंग नसलेले साधे लायपोसोम एकदा जाऊ द्या. नवं जेल लिपिड धरून ठेवतं, आणि ते धरणं तुमच्या मौल्यवान नमुन्यावर होऊ नये.

०.५ मिलिलिटर नमुना जेलच्या माथ्यावर हळूच सोडा, तो पूर्ण आत शिरल्यावरच बफर घाला. थोड्या वेळात दोन पट्टे वेगळे होतात. पुढचा पट्टा लायपोसोमचा: मळकट नारिंगी, किंचित दुधाळ. मागचा मोकळ्या रंगाचा: आधी गडद, आणि खाली येता येता पातळ होईल तसा कडेने हिरवा झळाळणारा. दोघांमध्ये स्वच्छ जेलचं अंतर दिसायला हवं. ते दिसत नसेल तर नमुना जास्त टाकला आहे किंवा कॉलम आखूड आहे.

०.५ मिलिलिटरचे भाग गोळा करा आणि पहिल्या पट्ट्याचे मधले भागच एकत्र करा. शेवटचा अर्धा मिलिलिटर वाया जाईल म्हणून त्यात ओतण्याचा मोह टाळा, मोकळा रंग त्याच भागात असतो.

तपासा, पुढे जाण्याआधी तीन गोष्टी:

१. ५ मायक्रोलिटर नमुना २ मिलिलिटर बफरमध्ये टाकून चमक मोजा, मग ट्रायटन एक्स-१०० (सगळे लायपोसोम फोडणारा साबणासारखा पदार्थ) घालून पुन्हा मोजा. चमक किमान पाचपट व्हायला हवी. दुप्पट-तिप्पटच होत असेल तर बाहेर मोकळा रंग आहे. पुन्हा कॉलम चालवा.

२. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं तंत्र) सरासरी व्यास ११० ते १४० नॅनोमीटर आणि पीडीआय (आकार किती कमी-जास्त आहेत ते सांगणारा आकडा) ०.१५ च्या खाली हवा. उपकरणाचा लेझर तांबडा, ६३३ नॅनोमीटरचा, असेल तर कॅल्सिन आड येत नाही. हिरव्या लेझरवर मात्र तो लुडबुड करू शकतो.

३. फॉस्फरस चाचणीने लिपिड मोजा. कॉलमनंतर ते ३ ते ४ मिलिमोलरच्या आसपास असतं, पण अंदाजावर जाऊ नका. याच चाचणीसाठी बाहेरचं बफर फॉस्फेटचं घेतलेलं नाही.

नमुना अंधारात ४ अंशांवर ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. रोज सकाळी पहिली तपासणी पुन्हा करा.

## टप्पा ५: कणांची तयारी

कणांच्या बाटलीत कणांशिवाय बरंच काही असतं. पॉलिस्टायरीनच्या कणांबरोबर सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) आणि सोडियम अझाइड येऊ शकतं. सोन्याच्या नॅनोदांड्यांबरोबर सीटॅब (हाही सर्फॅक्टंटच) येतो, आणि मोकळा सीटॅब एकटाच पटल फोडायला पुरेसा असतो. म्हणून डायलिसिस करा किंवा सेंट्रिफ्यूज करून तीनदा धुवा, आणि शेवटच्या धुण्याचं वरचं निवळ पाणी फेकू नका. तो पुढचा सगळ्यात महत्त्वाचा कंट्रोल आहे.

कण मोकळे करायला बाथ सोनिकेटरमध्ये ५ ते १० मिनिटं पुरतात. प्रोब घातला तर त्याच्या टोकाचे टायटॅनियमचे कण झिजून मिसळतात आणि तुम्ही दोन प्रकारचे नॅनोकण मोजत बसता.

डीएलएस आधी शुद्ध पाण्यात करा, मग नेमक्या चाचणीच्या बफरमध्ये ०, ३० आणि ६० मिनिटांना. पाण्यात सुटे असलेले कण मिठात गोळा होऊ शकतात. सिट्रेट लावलेलं सोनं तर मिठात डोळ्यांदेखत तांबड्याचं जांभळं होतं. ५० नॅनोमीटरचे कण बफरमध्ये ४०० दाखवत असतील तर इथेच थांबा. यापुढचा प्रत्येक आकडा गोळ्यांचा असेल. झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) मात्र कमी मिठात, १ ते १० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये, मोजा.

## टप्पा ६: मात्रा कणांच्या संख्येत काढा

मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हे एकक वेगवेगळ्या आकारांची तुलना करताना दिशाभूल करतं. हिशेब असा करा.

१०० नॅनोमीटरच्या लायपोसोमचा बाहेरचा आणि आतला पृष्ठभाग मिळून सुमारे ५८,००० चौरस नॅनोमीटर. एका पीओपीसी रेणूला साधारण ०.६८ चौरस नॅनोमीटर, म्हणजे एका लायपोसोममध्ये ८५,००० रेणू. क्युवेटमध्ये लिपिड १० मायक्रोमोलर असेल तर मिलिलिटरमागे सुमारे ७१ अब्ज लायपोसोम झाले.

सिलिकाची घनता २ धरली तर ५० नॅनोमीटरचा एक कण १.३ × १०⁻¹⁶ ग्रॅमचा. म्हणजे १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला ७६ अब्ज कण, जवळपास एका लायपोसोमला एक कण. त्याच १० मायक्रोग्रॅममध्ये २० नॅनोमीटरचे कण साडेपंधरा पट जास्त असतात. ‘लहान कण जास्त घातक’ असे निष्कर्ष अनेकदा एवढ्या एका गणितातून निघालेले असतात. आलेखाच्या आडव्या अक्षावर ‘कण प्रति लायपोसोम’ किंवा एकूण पृष्ठभाग घ्या. मालिका ०.१, ०.३, १, ३, १० कण प्रति लायपोसोम अशी ठेवली तर चित्र लवकर स्पष्ट होतं.

## टप्पा ७: मोजमाप

उत्तेजन ४९० नॅनोमीटर, उत्सर्जन ५२०, तापमान २५ अंशांना बांधलेलं. उन्हाळ्यात खोलीच्या तापमानावर विसंबू नका. क्रम हा:

१. क्युवेटमध्ये २ मिलिलिटर बफर, छोटा मॅग्नेट, ढवळणं चालू. लिपिड १० मायक्रोमोलर होईल इतका नमुना (३.५ मिलिमोलरचा असेल तर ५.७ मायक्रोलिटर).

२. पाच मिनिटं आधाररेषा घ्या. ती सपाट हवी. चढत असेल तर कण घालू नका, टप्पा १ आणि ४ कडे परत जा.

३. कणांचं २० मायक्रोलिटर द्रावण, ढवळणं चालू असतानाच, एका दमात घाला. एकूण आकारमानाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त नको.

४. ३० ते ६० मिनिटं नोंद.

५. १० टक्के ट्रायटनचे २० मायक्रोलिटर घाला (अंतिम ०.१ टक्का). दोन-तीन मिनिटांनी स्थिर झालेला आकडा घ्या.

सावध: ९६ खळ्यांच्या प्लेटवर करणारे १५० मायक्रोलिटर लायपोसोममध्ये ५० मायक्रोलिटर कण पाण्यातून घालतात. त्याने बाहेरचं मीठ एक चतुर्थांशाने कमी होतं आणि ऑस्मोटिक धक्क्यानेच गळती होऊ शकते. प्लेट वापरायची असेल तर कण त्याच बफरमध्ये आणून घ्या.

## टप्पा ८: कंट्रोल, एकही न वगळता

- फक्त बफर: कणांऐवजी २० मायक्रोलिटर बफर. तासाभरात दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त गळती नको.
- निवळ पाणी: टप्पा ५ मध्ये राखलेलं. याने गळती झाली तर दोष कणांचा नाही, धुणं अपुरं आहे.
- मोकळा रंग आणि कण: ट्रायटनने पूर्ण फोडलेल्या नमुन्याच्या चमकेइतकं पातळ कॅल्सिन घ्या, कण घाला. चमक घटली तर कण प्रकाश शोषतात किंवा रंग धरून ठेवतात. २० नॅनोमीटरचं सोनं ५२० च्या आसपासच शोषतं, म्हणजे नेमकं कॅल्सिनच्या चमकेवर. अमिनो गट असलेले धनभारित कण ऋणभारित कॅल्सिनला चिकटवून घेतात. सोन्यासाठी सल्फोरोडामिन बी हा पुढच्या तरंगलांबीचा रंग बरा पडतो, पण हा कंट्रोल त्यालाही लागतोच.
- फक्त कण: विखुरलेला प्रकाश किती ते कळतं.
- मेलिटिन, १ मायक्रोमोलर: मधमाशीच्या विषातला हा पेप्टाइड पीओपीसीचं पटल फोडतो. यानेही गळती दिसली नाही तर चाचणीच चालत नाही.

## टप्पा ९: टक्केवारी काढणं

गळती = (आताची चमक − सुरुवातीची) ÷ (ट्रायटननंतरची − सुरुवातीची) × १००.

समजा कण घालण्याआधी ८०, शेवटी २३०, आणि त्याच क्युवेटमध्ये ट्रायटननंतर ८८०. मोकळ्या रंगाच्या कंट्रोलमध्ये कणांनी चमक १० टक्के दाबली होती. २३० आणि ८८० दोन्ही कणांच्या उपस्थितीत मोजलेले आहेत, पण ८० कणांशिवाय. म्हणून ८० चे ७२ करा. गळती १५८ ÷ ८०८, म्हणजे १९.६ टक्के. कमाल चमक कण नसलेल्या दुसऱ्या क्युवेटमधून (९७८) घेतली आणि दुरुस्ती केली नाही, तर तोच प्रयोग १६.७ टक्के दाखवतो. प्रत्येक क्युवेटची कमाल चमक त्याच क्युवेटमध्ये मोजा.

## टप्पा १०: आलेख वाचणं

वक्राचा आकार टक्केवारीइतकाच बोलका असतो. कण घालताच उसळी आणि मग सपाट रेषा, आणि कण वाढवले की सपाटी वर सरकते: असं दिसलं तर प्रत्येक कण मोजकेच लायपोसोम फोडून त्यांच्या लिपिडने स्वतःला झाकून घेतो आहे, असं समजायला आधार मिळतो. तासभर संथ चढत जाणारी रेषा छोट्या किंवा क्षणिक छिद्रांकडे बोट दाखवते.

असं का होतं, ते आकड्यांत पाहा. पटल कणाभोवती पूर्ण गुंडाळायला लागणारी वाकण्याची ऊर्जा ८πκ असते. κ हा पटलाचा वाकण्याला होणारा विरोध. पीओपीसीसाठी तो औष्णिक ऊर्जेच्या, म्हणजे केटीच्या, सुमारे २० पट, त्यामुळे ही ऊर्जा ५०० केटीच्या घरात जाते आणि ती कणाच्या आकारावर अवलंबून नसते. चिकटण्याने मिळणारी ऊर्जा मात्र पृष्ठभागाबरोबर वाढते. चिकटण चौरस नॅनोमीटरमागे ०.१ केटी असेल तर २० नॅनोमीटर त्रिज्येच्या वरचे कणच गुंडाळले जातात. त्याहून लहान कण पटलावर नुसते बसून राहतात.

आपला २५ नॅनोमीटर त्रिज्येचा कण ही मर्यादा ओलांडतो. त्याला गुंडाळायला या लायपोसोमच्या पटलाचा जवळपास एक तृतीयांश भाग लागतो. आत पाणी भरलेलं असल्याने एवढा मोकळा पदर नसतो, आणि पटल क्षेत्रफळात तीन ते पाच टक्क्यांपेक्षा जास्त ताणलं की फाटतं. म्हणून उसळी येते.

सावध: शून्य टक्के गळती म्हणजे कण पटलाला शिवलेच नाहीत, असं धरू नका. बसून राहिलेले कण पटल कडक करू शकतात, लायपोसोम एकमेकांना चिकटवू शकतात. त्यासाठी त्याच मिश्रणाचं डीएलएस आणि झीटा करा, शक्य असेल तर क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

## पेशींकडे जाताना

लायपोसोमवरचा आकडा थेट पेशींना लावता येत नाही. पेशींच्या माध्यमात १० टक्के सीरम असेल तर कणावर लगेच प्रथिनांचा थर बसतो आणि पटलाला भिडतो तो हा थर. हा परिणाम लायपोसोमवरच पाहायचा तर कण १० टक्के सीरममध्ये ३७ अंशांवर तासभर ठेवा, धुवा, आणि तीच मालिका पुन्हा करा. नुसत्या सीरमचाही कंट्रोल ठेवा, त्यातली लिपोप्रोटीनं लायपोसोममधून लिपिड ओढू शकतात.

पेशी कण स्वतःहून गिळतातही, आणि त्याला ऊर्जा लागते. म्हणून एक संच ३७ अंशांवर आणि एक ४ अंशांवर चालवा. ४ अंशांवर गिळणं जवळपास थांबतं, तिथे दिसणारी गळती थेट पटलावरच्या माराची असण्याची शक्यता जास्त. पेशीतून बाहेर आलेलं एलडीएच (पेशीच्या आतलं एक एन्झाइम) मोजत असाल तर टप्पा ८ मधला मोकळ्या रंगाचा कंट्रोल इथे एलडीएचसह करा: फोडलेल्या पेशींच्या द्रवात कण घालून तासाभराने एन्झाइम किती उरलं ते बघा. कण ते शोषून घेत असतील तर मरणाऱ्या पेशीही धडधाकट दिसतील.